मेरी एंगल पेनिंग्टन

मेरी एंगल पेनिंग्टन (८ ऑक्टोबर, १८७२ – २७ डिसेंबर, १९५२) या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, जीवाणुशास्त्रज्ञ आणि शीतकरणतज्ज्ञ होत्या. दूध, अंडी, कोंबडी, मासे असे नाशवंत पदार्थ उत्पादकापासून घरच्या स्वयंपाकघरापर्यंत सलग थंड ठेवण्याची शास्त्रीय पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जन्म आणि शिक्षण

पेनिंग्टन यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. बालपण फिलाडेल्फियात गेले. वयाच्या बाराव्या वर्षी ग्रंथालयातील वैद्यकीय रसायनशास्त्राचे एक पुस्तक हाती आल्याने त्यांना या विषयाची गोडी लागली. १८९० मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रवेश घेतला. दोन वर्षांत पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही, केवळ स्त्री असल्यामुळे, विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली आणि प्रावीण्याचे प्रमाणपत्र दिले. अपवादात्मक विद्यार्थ्यांसाठी असलेल्या जुन्या नियमाचा आधार घेऊन त्याच विद्यापीठाने १८९५ मध्ये त्यांना पीएच.डी. प्रदान केली. पुढे येल विद्यापीठात त्यांनी शरीररसायनशास्त्राचे संशोधन केले.

फिलाडेल्फियातील कार्य

शिक्षणानंतर त्यांनी फिलाडेल्फियात स्वतःची चिकित्सा प्रयोगशाळा काढली. नंतर शहराच्या आरोग्य विभागातील जीवाणू प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्या काळी दूषित दुधामुळे उन्हाळ्यात अतिसाराची साथ पसरे आणि अनेक तान्ही मुले दगावत. पेनिंग्टन यांनी दुधाच्या तपासणीची व दुभत्या जनावरांच्या निगेची पद्धत घालून दिली. आइस्क्रीम विकणाऱ्या फेरीवाल्यांना त्यांच्याच भांड्यांतील जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून, भांडी व पळ्या उकळून घेण्यास त्यांनी राजी केले.

शासकीय सेवा

१९०६ च्या अन्न व औषध शुद्धता कायद्यानंतर कृषी खात्याच्या रसायन विभागाचे प्रमुख हार्वे वायली यांना अन्नसंशोधनासाठी तज्ज्ञ हवे होते. त्यांच्या सूचनेवरून पेनिंग्टन यांनी शासकीय सेवेची परीक्षा ‘एम. ई. पेनिंग्टन’ या नावाने दिली. उत्तीर्ण झालेली व्यक्ती स्त्री आहे हे उघड झाल्यावर हरकत घेण्यात आली. परंतु वायली यांच्या आग्रहामुळे नेमणूक कायम राहिली. १९०८ मध्ये त्या अन्नसंशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या.

शीतगृहातील अन्न शिळे व अपायकारक असते, असा त्या वेळी लोकांचा समज होता. थंडीने जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. म्हणून पदार्थ ताजा असतानाच थंड करावा लागतो आणि मधल्या वाटेत तो पुन्हा तापू देऊन चालत नाही. पेनिंग्टन यांचा भर याच सातत्यावर होता. शीतगृहातील हवा फार कोरडी झाली तर अन्न सुकते आणि फार दमट झाली तर बुरशी धरते. त्यामुळे तापमानाइतकेच आर्द्रतेवर नियंत्रण असावे, हेही त्यांनी दाखवून दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी स्वतः रेल्वेने प्रवास करून बर्फाच्या डब्यांची पाहणी केली. सुमारे ४०,००० डब्यांपैकी जेमतेम ३,००० डब्यांत हवा नीट खेळती असल्याचे त्यांना आढळले. डब्यांच्या रचनेत सुधारणा करण्याच्या कामी त्यांचे निष्कर्ष उपयोगी पडले.

घरगुती शीतकरण

१९१९ मध्ये शासकीय सेवा सोडून त्या खासगी क्षेत्रात गेल्या आणि १९२२ मध्ये न्यू यॉर्क येथे त्यांनी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केले. पुढील वर्षापासून १९३१ पर्यंत त्यांनी बर्फ व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या घरगुती शीतकरण विभागाचे काम पाहिले. विजेच्या फ्रीजशी स्पर्धा सुरू झाल्याने बर्फपेटीचा खप टिकवणे, हा संघटनेचा हेतू होता. पेनिंग्टन यांनी मात्र या संधीचा उपयोग गृहिणींच्या शिक्षणासाठी केला. मुलांचे अन्न घरी कसे सांभाळावे, यांसारख्या विषयांवर त्यांनी सोप्या पुस्तिका लिहिल्या.

बर्फपेटीत बर्फ वितळताना आतील उष्णता शोषून घेतो. त्यामुळे बर्फ वाचवण्यासाठी तो कापडात गुंडाळला, तर अन्न पुरेसे थंड होत नाही. थंड हवा जड असल्याने खाली उतरते, म्हणून दूध बर्फाच्या नेमके खाली ठेवणे हिताचे असते. पेटी खच्चून भरली तर हवा फिरत नाही. विजेच्या फ्रीजमध्येही हवा खेळती राहणे तितकेच आवश्यक असते. आज घरगुती फ्रीजमध्ये सुमारे ४° सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमान राखण्याचा सल्ला दिला जातो.

सन्मान आणि निधन

युद्धकाळातील सेवेबद्दल त्यांना पदक देण्यात आले. १९४० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांना गार्वन पदक प्रदान केले. अखेरपर्यंत कार्यरत असलेल्या पेनिंग्टन यांचे न्यू यॉर्क येथे वयाच्या ८० व्या वर्षी निधन झाले. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला कीर्तिदालनात आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय संशोधक कीर्तिदालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.