घराबाहेर न पडणाऱ्या केकी मूस यांचे फोटो जगभर कसे पोचले?

सावद्याहून भुसावळला यायचं, तिथून मुंबईकडे जाणारी गाडी धरायची. जळगाव, पाचोरा मागे पडलं की चाळीसगाव जंक्शन. आपल्यापैकी बरेच जण इथे फक्त चहापुरते उतरलेत. पण याच स्टेशनाजवळच्या एका जुन्या बंगल्यात एक माणूस जवळपास पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि तिथूनच जगभरच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवत राहिला.

त्यांचं नाव कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस.

जन्म २ ऑक्टोबर १९१२ चा, मुंबईतल्या मलबार हिलचा. घर पारशी आणि खाऊन-पिऊन सुखी. आईवडील व्यवसायासाठी चाळीसगावात स्थिरावले होते. पोराने मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकावं आणि पुढे धंदा बघावा, असा साधा हिशोब. पण पोराचं चित्त चित्रात. शेवटी ते इंग्लंडला गेले आणि शेफिल्डच्या बेनेट कॉलेजचा कमर्शियल आर्टचा अभ्यासक्रम पूर्ण केला. फोटोग्राफीही तेव्हाच हातात बसली. १९३८ च्या सुमारास ते परतले. मुंबईत स्टुडिओ थाटला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. ते आले चाळीसगावला, आणि मग घराबाहेर पडणंच जवळजवळ बंद झालं.

का? इथे ती गोष्ट येते, जी तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचली असेल. मुंबईतली प्रेयसी रेल्वेने चाळीसगावला येणार म्हणाली होती, म्हणून ते रोज रात्री मुंबईची गाडी येईपर्यंत दारं-खिडक्या उघडी ठेवून, दिवे लावून वाट बघायचे, असं सांगितलं जातं. गोष्ट काळजाला हात घालणारी आहे, शंकाच नाही. पण खरं सांगायचं तर या गोष्टीने त्यांच्या कामावर जरा अन्यायच केलाय. प्रेयसी सगळ्यांना ठाऊक, फोटो मात्र फार थोड्यांनी पाहिलेत.

ते फोटो होते टेबल-टॉप फोटोग्राफीचे. आता हा काय प्रकार?

तर टेबलावर एक छोटं जग उभं करायचं. वाळकी काटकी म्हणजे झाड, कापूस किंवा पांढरी भुकटी म्हणजे बर्फ, मातीचा ढिगारा म्हणजे डोंगर. मग दिवा असा लावायचा की सावल्या खऱ्या उन्हाच्या वाटाव्यात. कॅमेरा अगदी खाली, त्या इवल्या जगातल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. लेन्सचं छिद्र बारीक ठेवायचं, म्हणजे पुढची काटकी आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. उजेड कमी पडतो, म्हणून एक्सपोजर लांबवायचं. एक सावली चुकली की खेळण्यातलं घर खेळण्यातलंच दिसतं. फोटोशॉप जन्मायच्या कितीतरी आधी, खानदेशच्या रणरणत्या उन्हाळ्यात, हा माणूस चार भिंतींत थंडी आणि बर्फ तयार करत होता. ज्याला बाहेर जायचंच नव्हतं, त्याने बाहेरचं जग टेबलावर आणलं!

आणि प्रदर्शनांचं काय? त्या काळी फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना स्वतः जावं लागत नसे. प्रिंट टपालाने पाठवायची, परीक्षक ती बघून निकाल देत. मूस यांच्यासाठी ही पद्धत म्हणजे वरदानच. माणूस चाळीसगावात आणि फोटो परदेशच्या भिंतीवर.

फोटो हा त्यातला एक भाग. पेन्सिल स्केचेस, रंगचित्रं, मातीची शिल्पं, लाकडी कोरीवकाम, कागदाच्या घड्यांची ओरिगामी, सगळं एकाच हातचं. शिवाय जुन्या वस्तूंचा संग्रह आणि संगीताचा नाद. डच चित्रकार रेम्ब्रांटवर इतका जीव की घराचं नावच ठेवलं ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’.

३१ डिसेंबर १९८९ ला त्याच घरात ते गेले.

त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानने हे घर आता संग्रहालय म्हणून जपलंय. मुंबई-पुण्याच्या गॅलऱ्यांत चित्रं बाहेरून आणून टांगतात, इथे ती ज्या खोल्यांत जन्मली तिथेच आहेत. पुढच्या वेळी मुंबईला जाताना एक गाडी सोडून द्या आणि चाळीसगावला उतरा. स्टेशनापासून चालत जाता येतं.