सलीम अली आणि सुगरण पक्षी

पावसाळ्यात अकोल्याहून अमरावतीला जाल तेव्हा शेतातल्या विहिरींकडे जरा लक्ष द्या. काठावरच्या बाभळीला लांब नळीचे खोपे लोंबताना दिसतील. ज्या पक्ष्याला आपण उर्दूत बया म्हणतो, त्यालाच मराठीत सुगरण म्हणतात. सुगरण म्हणजे घरकामात कुशल असलेली बाई. गंमत अशी, की हा खोपा मादी विणतच नाही. तो नर विणतो. भाषेने मात्र सगळे श्रेय मादीला देऊन टाकले आहे! या पक्ष्याच्या संसाराचे कोडे उलगडणारे डॉ. सलीम अली यांची ही हकिगत आहे.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडील वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलार्डसाहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि मुलाला आयुष्यभराचा छंद लागला.

पण छंदाने पोट भरत नाही. विद्यापीठाची पदवी त्यांना मिळाली नाही. काही वर्षे ब्रह्मदेशात गेली. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली. रजा घेऊन ते जर्मनीत बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेझेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! शिकून आलेला माणूस बेकार झाला.

तेव्हा ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हाती वेळच वेळ होता. सलीम अली रोज खोप्यांसमोर बसू लागले. कोणता नर कोठे विणतो, कोणती मादी कोठे जाते, याची ते नोंद करत. त्यांना दिसले, की नर खोपा अर्धाच विणून थांबतो. माद्या येतात आणि आत शिरून तपासतात. एखादीने पसंत केला, तरच नर खाली नळी विणून खोपा पूर्ण करतो. मग तो शेजारी दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अंडी उबवणे, पिले वाढवणे हे काम मात्र एकट्या मादीचे. हा अभ्यास १९३१ साली छापून आला. माझ्या मते नोकरी टिकली असती, तर हे काम कदाचित झालेच नसते.

आता एक प्रश्न. हिवाळ्यात हाच नर चिमणीसारखा मळकट असतो आणि गवताची काडीही उचलत नाही. पावसाळा आला, की त्याच्या डोक्यावर हळदीसारखा पिवळा रंग चढतो आणि तो विणायला लागतो. त्याला हे कोण सांगते?

पुढे हैदराबाद संस्थानात व इतरत्र पक्ष्यांची पाहणी करताना सलीम अली पक्ष्याच्या पोटातील जनन ग्रंथी तपासून त्यांचा आकार लिहून ठेवत. विणीच्या हंगामात या ग्रंथी फुगतात, एरवी अगदी लहान होतात. त्यावरून हंगाम कळतो.

ग्रंथींना हुकूम देणारे रासायनिक निरोप्ये म्हणजे संप्रेरके. पक्ष्यांमध्ये कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूच्या पेशींना जाणवतो. दिवस मोठा झाला, पाऊस आला, चारापाणी वाढले, की मेंदू एक संप्रेरक सोडतो. ते खालच्या पीयूषिका ग्रंथीला जागे करते. पीयूषिका रक्तातून जनन ग्रंथींना निरोप धाडते. नराचा पिवळा रंग आणि त्याची विणण्याची धडपड या साखळीतूनच येते.

ही साखळी पक्ष्यांनी नव्याने तयार केलेली नाही. बेडकात, माशात आणि माणसातही ती आहे. जबडा नसलेल्या लॅम्प्री नावाच्या प्राण्यातसुद्धा ती सापडते. त्याची आणि आपली वाट सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणजे निरोप्या त्याहून जुना! आपल्या देशातच त्याचा उपयोगही झाला. तळ्यात कोंडलेले रोहूसारखे मासे आपोआप अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचून अशा जातीच्या माशांकडून अंडी मिळवली. मत्स्यबीज तयार करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

सलीम अली मात्र दुर्बीण घेऊन रानातच राहिले. १९३९ साली तेहमिना वारल्या. प्रवासात, लेखनात त्यांची मोठी साथ होती. ते दुःख गिळून १९४१ साली त्यांनी भारतीय पक्ष्यांवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक काढले. डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. सरकारने १९७६ साली पद्मविभूषण दिले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. पावसाळ्याचे दिवस होते. सुगरणींच्या विणीचा हंगाम जवळ आला होता.