कावसजीचे नाक

इसवी सन १७९० मध्ये म्हैसूरचा टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम हे त्या वेळी इंग्रजांच्या बाजूस होते. त्या काळी तोफा ओढावयाच्या त्या बैलांनी आणि धान्य वाहावयाचे तेही बैलांनीच. त्यामुळे कधी तलवार न धरलेली हजारो साधी माणसे सैन्याबरोबर दूर देशी जात. कावसजी हा त्यांपैकीच एक होता. तो शेतकरी जातीतील मराठा असून इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करी.

१७९२ साली कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. नाक कापण्याची क्रूर शिक्षा त्या काळी हिंदुस्थानात अनेक ठिकाणी देत असत. हात तुटल्याने माणूस पांगळा होतो. परंतु नाक गेले की चारचौघांत तोंड दाखविणे कठीण होते. आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू, ती उगीच नव्हे.

अशा अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्यास निवृत्तिवेतन दिले. पोटाची सोय झाली. पण गेलेला चेहरा पैशाने परत कसा मिळावा? वर्षाहून अधिक काळ तो नाकावाचूनच राहिला.

१७९३ च्या आरंभी त्याचे दैव फिरले. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एक कारागीर तुटलेली नाके नवी करून देत असे. कावसजी त्याच्याकडे गेला. भूल देण्याचे औषध तेव्हा निघालेले नव्हते. सर्व वेदना जागेपणीच सोसावयाच्या होत्या.

या शस्त्रक्रियेची रीत मोठी कुशलतेची होती. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते जखमेच्या जागी बेतून पाहत. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत आणि त्याच्या कडेने रेघ आखीत. त्या आकाराची कातडी कपाळावरून सोडवीत. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवीत. नंतर नाकाच्या जुन्या व्रणाची कड ताजी करून ही कातडी पिळा देऊन खाली आणीत व नाकाच्या जागी बसवीत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या सांध्यावर चिकटवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवीत. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत.

ती अरुंद पट्टी हेच या विद्येचे मर्म होते. आंब्याचे भेटकलम बांधताना फांदी जुन्या झाडापासून लगेच तोडीत नाहीत. सांधा जुळेपर्यंत तिला तेथूनच रस मिळत राहतो. त्याचप्रमाणे या पट्टीतून नव्या नाकाला रक्त मिळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाक जागेवर पक्के जुळल्यावर, ती पट्टी कापीत.

कावसजीचे नाक उत्तम जुळले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जानेवारी १७९४ मध्ये जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात हे चित्र आणि शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाक नवे करण्याची विद्या आपल्याकडे फार प्राचीन. सुश्रुतसंहितेत ती सांगितलेली आहे. युरोपात मात्र अशी विद्या जवळजवळ लोपली होती. म्हणून तेथील वैद्यांना मोठे नवल वाटले.

जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज शस्त्रवैद्याने या रीतीचा ध्यास घेतला. त्याने मृत देहांवर तिचा पुष्कळ अभ्यास केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये ती एका रुग्णावर यशस्वी करून दाखविली. त्याचा दुसरा रुग्ण युद्धात तलवारीने जखमी झालेला एक लष्करी अधिकारी होता. १८१६ साली कार्प्यूने यावर पुस्तक लिहिले आणि ही विद्या युरोपभर पसरली. पुढे पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलिज या शस्त्रवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हजारो जखमी सैनिकांचे चेहरे पुन्हा घडविले. कपाळाच्या कातडीने नाक घडविण्याची रीत आजही वापरात आहे.

कावसजी राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. तरी वैद्यकाच्या इतिहासात त्याचे नाव अमर झाले. त्याला नवे नाक देणाऱ्या कारागिराचे नाव मात्र त्या मासिकात कोणी छापले नाही. त्याचे नाव उरले नाही, पण त्याच्या हातची विद्या उरली. युद्धाने ज्यांचे चेहरे हिरावून घेतले, अशा असंख्य माणसांना त्या विद्येने पुन्हा मान वर करून चालता आले.