एत्तोरे मायोराना : एका अबोल संशोधकाचे चरित्र

एत्तोरे मायोराना यांचा जन्म ५ ऑगस्ट १९०६ रोजी इटलीतील सिसिली बेटावर, कातानिया या शहरी झाला. रोम येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असता स्नेह्यांच्या आग्रहावरून ते भौतिकशास्त्राकडे वळले. एन्रिको फर्मी यांनी मोठ्या परिश्रमाने तयार केलेला संख्यांचा एक तक्ता त्यांना पाहावयास मिळाला. दुसऱ्याच दिवशी मायोराना स्वतः केलेला तक्ता घेऊन आले, दोन्ही ताडून पाहिले आणि फर्मींचे गणित बरोबर असल्याचा निर्वाळा देऊन निघून गेले! विद्यार्थ्याने आचार्यांची परीक्षा घ्यावी, असाच तो प्रकार.

सिगारेटच्या पाकिटावर ते सूत्रे मांडीत आणि सिगारेट संपली की पाकीट फेकून देत. अणुकेंद्रातील बलांविषयीचा आपला सिद्धांत फर्मींनी विनवूनही त्यांनी प्रसिद्ध केला नाही. तोवर हायझेनबर्ग यांचे त्याच विषयावरील लेखन पुढे आले. १९३३ साली लाइपझिग येथे खुद्द हायझेनबर्ग यांनी आग्रह केला, तेव्हा कुठे मायोराना यांचा लेख छापला गेला. या अलिप्ततेस निरिच्छा म्हणून गौरविण्याचा मोह होतो. परंतु तीमुळे विज्ञानाची हानीच झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परतल्यावर आजारपण आणि एकांतवास यांत काही वर्षे गेली. १९३७ साली मात्र त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विद्युतभाररहित कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असू शकतो, हे त्यात गणिताने दाखविले होते. त्याच वर्षी नेपल्स विद्यापीठात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. जानेवारी १९३८ मध्ये व्याख्याने सुरू झाली आणि २५ मार्चच्या रात्री, निरोपाची पत्रे मागे ठेवून, ते पालेर्मोच्या बोटीत चढले. पालेर्मोहून परत येत असल्याचे त्यांनी कळविले. पण ते परतले नाहीत. तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. पुढे काय झाले, याचा निर्विवाद उलगडा आजही झालेला नाही.

निबंध मात्र उरला. क्वांटम संगणकातील माहिती बाहेरच्या किंचित उपद्रवानेही बिघडते. २००१ साली अलेक्सेई कितायेव यांनी दाखविले की, विशिष्ट अतिवाहक तारेच्या दोन टोकांशी मायोरानांच्या कणासारखी वागणारी रूपे प्रकट होऊ शकतात. हे सुटे कण नव्हेत; असंख्य इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक वर्तनातून ती उमटतात. माहिती दोन्ही टोकांत मिळून साठविली, तर एकाच टोकाला बसलेल्या धक्क्याने ती सहसा नष्ट होत नाही. २०१२ साली नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे अतिसूक्ष्म अर्धवाहक तारेत या रूपांच्या खुणा आढळल्या. तेथीलच २०१८ चा एक गाजलेला निबंध मात्र २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. सर्वमान्य पुराव्याचा शोध अद्याप चालू आहे.