महात्मा जोतीराव फुले : शाळा कोणाला उत्तरदायी?



स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक आणि सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून जोतीराव गोविंदराव फुले तुम्हांला परिचित आहेत. या घटकात त्यांच्या चरित्राची एकच बाजू पाहावयाची आहे. लोकांच्या पैशाने चालणारी शाळा कोणाला उत्तर देण्यास बांधील असते, आणि तिच्यात मूल घालणाऱ्या पालकाचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो, हा आपला प्रश्न आहे. तुमच्यापैकी जे वाशीम, रिसोड किंवा मानोऱ्याकडील आहेत आणि ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांना तो केवळ परीक्षेपुरता वाटणार नाही.

जोतीरावांचा जन्म १८२७ मध्ये पुण्यात झाला. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करीत. आई चिमणाबाई लवकर वारल्या. गोविंदरावांनी मुलाला मराठी शाळेत घातले, ही त्या काळी माळी कुटुंबात साधी गोष्ट नव्हती. परंतु दुकानातील एका कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले की, लिहिणेवाचणे शिकलेला मुलगा शेताच्या कामाचा राहत नाही. गोविंदरावांनी मुलाचे नाव शाळेतून काढले व त्याला शेतीच्या कामास लावले. पुढे शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी त्यांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

या प्रसंगापाशी क्षणभर थांबा. चरित्रकार तो सांगून पुढे जातात, आणि कारकुनाला दोष देऊन आपणही पुढे जातो. पण निर्णय गोविंदरावांचा होता आणि तो घेण्याचा त्यांचा अधिकार कोणीही नाकारला नव्हता. नव्हते ते एवढेच, की शाळेत काय चालते, मूल काय शिकते, हे स्वतः पारखण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून एकाच्या सांगण्यावरून मूल बाहेर आले आणि दुसऱ्यांच्या सांगण्यावरून परत आत गेले. हेच गोविंदराव १८४९ मध्ये समाजाच्या दडपणाखाली मुलाला व सुनेला घर सोडावयास सांगतात. ते दुष्ट नव्हते, भ्यालेले होते.

१८४८ मध्ये जोतीरावांनी पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. नंतर मुलींसाठी आणखी शाळा निघाल्या, तशाच अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठीही. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. हा भाग तुम्ही अन्यत्र विस्ताराने वाचला असेल. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १८५५ आहे. त्या वर्षी फुले दांपत्याने कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. त्याच वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. एक गरीब शेतकरी दांपत्य जोशीबुवाच्या थापांना कसे बळी पडते, हा त्याचा विषय. नाटकाच्या शेवटी ते दांपत्य रात्रीच्या शाळेत जाण्याचे ठरविते. गोविंदरावांच्या हाती जे साधन नव्हते, ते येथे नाटकातील बाप स्वतः मिळवू पाहतो. दिवसभराचे काम आटोपून ही पुस्तिका उघडणाऱ्या तुम्हांला त्या दांपत्याची ओळख वेगळी करून देण्याची आवश्यकता नसावी.

आता १८८२ कडे वळू. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने शिक्षण आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याला इंग्रजीत लेखी निवेदन सादर केले. त्या वेळी ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. बांधकामाचे ठेके घेतलेले, शेती केलेले गृहस्थ होते. म्हणूनच की काय, निवेदनात शिक्षणाची महती कमी आणि हिशेब अधिक आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, तिच्याकडून लोकल फंडाची पट्टीही घेतली जाते. मग खर्च उच्चवर्गीयांच्या वरच्या शिक्षणावर का, हा त्यांचा मूळ सवाल. या फंडाचा निम्मा वाटा प्राथमिक शिक्षणास मिळावा, किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे असावे, शिक्षकास दरमहा निदान १२ रुपये मिळावेत अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, नांगर धरण्याची त्याला लाज वाटू नये, असेही त्यांनी सुचविले. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, प्राथमिक शेतीज्ञान, नीती व आरोग्य हे विषय त्यांना हवे होते.

तपासणीविषयीचा त्यांचा अभिप्राय विशेष लक्ष देऊन अभ्यासावा. अधिकारी वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याचा काही उपयोग नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि एरवीही पूर्वसूचना न देता भेटी द्याव्यात, असे ते मांडतात. गावचे व जिल्ह्याचे अंमलदार इतर कामांत गुंतलेले असल्याने त्यांच्यावर विसंबता येणार नाही, हेही ते सांगून टाकतात. ज्याने शाळा चालविली आहे त्यालाच हे सुचते.

मात्र निवेदनातील दोन अडचणी नजरेआड करू नयेत. देखरेखीचा सारा भर सरकारी तपासनिसावर आहे. पालकाला तेथे पट्टी भरणारा म्हणून स्थान आहे, तपासणारा म्हणून नाही. शिवाय सक्ती आली की मूल शाळेतून काढण्याचा बापाचा अधिकार संपतो. जोतीरावांची मागणी त्यांच्या बालपणी अमलात असती, तर गोविंदरावांना तो निर्णय घेताच आला नसता. पालकाचा हक्क आणि मुलाचा हक्क येथे एकमेकांसमोर उभे राहतात, आणि जोतीरावांनी निःसंदिग्धपणे मुलाची बाजू घेतली आहे. मला ते योग्य वाटते. तुम्ही याबाबत स्वतंत्र मत बनवावे.

आयोगाने सक्तीची मागणी उचलून धरली नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मूल न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद त्यात होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जोतीरावांचे निवेदन मुंबई इलाख्याविषयी होते, आणि वाशीम तेव्हा वऱ्हाडात, म्हणजे त्या इलाख्याबाहेर, स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये हा जिल्हा अकोल्यात विलीन झाला व १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. आज मात्र संपूर्ण राज्याला लागू असलेला कायदा एकच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचे कामकाज पाहणे, विकास आराखडा तयार करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलांची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे. तपासनिसाच्या शेजारी पालकासाठी खुर्ची ठेवली गेली ती अशी.

कृती : तुमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या मागील दोन सभांचे इतिवृत्त मिळवून वाचा. उपस्थित पालकांपैकी किती जणांची सही आहे, किती जणांचा अंगठा आहे आणि सभेत प्रश्न कोणी विचारले याची नोंद करा. ही नोंद समोर ठेवून जोतीरावांच्या तपासणीविषयक सूचनांवर २०० शब्दांत टिपण लिहा.