जिभेची परीक्षा घेणारा पाश्चर

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही हजारदा वाचला असेल. पण गंमत माहितीये? लुई पाश्चरने ही युक्ती दुधासाठी नव्हे, वाइनसाठी शोधली होती!

पाश्चरचा जन्म 1822 चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील नेपोलियनच्या फौजेतून परतलेले सैनिक, धंदा कातडी कमावण्याचा. बालपण गेलं जुरा डोंगराजवळच्या आर्ब्वा गावात, द्राक्षमळ्यांच्या सोबतीनं. या भागातली ‘पिवळी वाइन’ प्रसिद्ध आहे. साव्हान्यें जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची ही वाइन पिंपात सहा वर्षांहून जास्त मुरते. पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते, पण ते पुन्हा भरत नाहीत. वर यीस्टची पातळ साय धरते, ती वाइनला हवेपासून जपते. मग येतो सोनेरी रंग आणि अक्रोडासारखा वास. तशीच साय भलत्या जिवाणूंची धरली, की त्याच वाइनचा होतो व्हिनेगर! हा फरक नेमका का पडतो, ते पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं.

1863 मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याच्यावर काम सोपवलं. फ्रेंच वाइन आंबट, कडू, चिकट होऊन वाया जात होती. परदेशी पाठवायची तर धाकधूकच. पाश्चर गावी गेला, एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि शोधून काढलं की वाइनच्या प्रत्येक ‘आजारा’मागे वेगळा सूक्ष्मजीव असतो. उपाय? हवा न लागू देता वाइन थोडा वेळ 50 ते 60 अंशांपर्यंत तापवायची. बस्स!

पण जाणकार खवळले. तापवलेल्या वाइनची चव मरणार, ती पुढे मुरणार कशी? पाश्चर वाद घालत बसला नाही. त्यानं चव पारखणाऱ्या तज्ज्ञांनाच बोलावलं आणि तापवलेली व न तापवलेली वाइन समोर ठेवली. त्यांना फरक सापडला, पण अगदी नावापुरता. पाश्चरला शंका आली, हा फरक जिभेवर आहे की डोक्यात? मग त्यानं गुपचूप दोन्ही पेल्यांत एकच वाइन दिली. तरीही तज्ज्ञांना फरक सापडलाच!

मुरण्याचं कोडंही त्यानं सोडवलं. बंद नळ्यांमध्ये वाइन भरली, काहींत हवा ठेवली, काहींत नाही. हवा असलेल्या नळ्यांत रंग बदलला, गाळ बसला, चव जुन्या वाइनसारखी झाली. म्हणजे वाइन मुरवतो तो ऑक्सिजन. पिंपाच्या लाकडातून तो हळूहळू झिरपला तर वाइन मुरते, एकदम घुसला तर बिघडते.

हे सगळं तो कशात करत होता, ठाऊक आहे? 1859 मध्ये मोठी मुलगी गेली होती. 1865 मध्ये वडील गेले, त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली. 1866 मध्ये बारा वर्षांची सेसील टायफॉइडनं गेली. त्याच वर्षी त्याचं वाइनवरचं पुस्तक आलं. तापवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेऊनही त्यानं ती सगळ्यांना खुली केली. 1868 मध्ये अर्धांगवायूनं डावी बाजू लुळी पडली, वय अवघं 45. तरी पठ्ठ्या थांबला नाही. आर्ब्वाजवळ द्राक्षमळा घेऊन तिथेही प्रयोग केले. 1885 मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली, पोरगा वाचला. 1895 मध्ये पाश्चर गेला.

आता एक काम करा. अमक्याच टपरीचा चहा भारी, असं छातीठोक सांगणारा एक मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला दोन कपांत एकच चहा द्या आणि विचारा, कुठला चांगला? मग आधी स्वतःही ती परीक्षा देऊन बघा!