थॉमस अँड्र्यूज : ३१ अंशांवरची गोष्ट (शास्त्रज्ञ परिचय)

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक साधा प्रश्न. स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर हलवला की आत काहीतरी डुचमळतं, म्हणजे आत द्रव आहे. पण रिक्षाच्या सीएनजी टाकीत त्याहून कितीतरी जास्त दाब असूनही आत द्रवाचा थेंब नसतो. असं का बरं? दाब वाढवला की वायूचा द्रव होतो, असं तर आपण शाळेत शिकलो!

या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी शोधलं, त्या थॉमस अँड्र्यूज यांची आज ओळख करून घेऊया. आज जगभर विषारी द्रावकांना पर्याय म्हणून जो सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, त्याची मुळं यांच्याच प्रयोगशाळेत सापडतात.

बालपण आणि शिक्षण

थॉमस अँड्र्यूज यांचा जन्म १९ डिसेंबर १८१३ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. वडील लिनन या तलम कापडाचे व्यापारी. मुलगा मात्र रसायनशास्त्राकडे वळला. १८२८ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो ग्लासगोला थॉमस थॉमसन यांच्याकडे शिकायला गेला. तिथून १८३० मध्ये पॅरिसला, द्यूमा या नामांकित रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत. पुढे वैद्यकशास्त्राचा अभ्यास करून १८३५ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली.

म्हणजे बघा, हे होते डॉक्टर! बेलफास्टला परतून त्यांनी रुग्ण तपासायला सुरुवात केली आणि त्याच वेळी तिथल्या एका संस्थेत रसायनशास्त्रही शिकवू लागले. १८४५ मध्ये नव्याने स्थापन होणाऱ्या क्वीन्स कॉलेजचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८४९ मध्ये ते तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८७९ पर्यंत त्याच पदावर राहिले.

सुरुवातीचे संशोधन

रासायनिक अभिक्रियेत किती उष्णता बाहेर पडते याची त्यांनी काटेकोर मोजमापे केली. त्यासाठी १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल मेडल मिळाले. त्यानंतर त्यांनी ओझोनचा अभ्यास केला. वेगवेगळ्या रीतींनी तयार केलेला ओझोन हा एकच पदार्थ आहे आणि तो ऑक्सिजनचंच एक रूप आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. पण त्यांचं नाव अजरामर झालं ते कार्बन डायऑक्साइडवरच्या कामामुळे.

त्या काळातले कोडे

फॅरेडे यांनी अनेक वायूंचा द्रव करून दाखवला होता. पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे काही वायू दाद देत नव्हते. व्हिएन्नामध्ये नाटरर यांनी तर वातावरणाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब देऊन पाहिला, तरी थेंब नाही! शेवटी अशा वायूंना ‘कायम वायू’ असं नावच पडलं. हे वायू इतरांपेक्षा मुळातच वेगळे आहेत, की आपलंच काहीतरी चुकतंय? प्रश्न हा होता.

फ्रान्सच्या कॅन्यार द ला तूर यांनी १८२२ मध्ये बंद नळीत ईथर, अल्कोहोल असे द्रव तापवून पाहिले होते. एका ठरावीक तापमानाला द्रव आणि बाष्प यांच्यातला फरकच नाहीसा होतो, हे त्यांना दिसलं होतं. पण त्याचा पूर्ण अर्थ लागायला अजून अवकाश होता.

प्रयोग कसा केला?

अँड्र्यूज यांचे उपकरण साधे पण मजबूत होते. जाड काचेच्या, केसासारख्या बारीक छिद्राच्या नळीत शुद्ध कार्बन डायऑक्साइड भरायचा. त्याच्या खाली पारा, पाऱ्याखाली धातूच्या नळीत पाणी. तळाचा पोलादी स्क्रू फिरवला की पाणी दाबलं जातं, पारा वर सरकतो आणि वायू आक्रसतो. शेजारी तशीच हवेची नळी, तिच्यावरून दाब कळायचा. नळीभोवती हव्या त्या तापमानाचं पाणी. वातावरणाच्या शंभर पटींचा दाब सहज व्हायचा, आणि तोही काचेच्या नळीत. हलगर्जीपणाला इथे जागाच नव्हती.

आता निरीक्षणं नीट वाचा, कारण खरी गंमत इथेच आहे.

• १३.१ अंश सेल्सिअसला सुमारे ४९ वातावरण दाबावर द्रव तयार होऊ लागला.
• २१.५ अंशांना त्यासाठी सुमारे ६० वातावरण दाब लागला.
• सुमारे ३१ अंशांच्या वर मात्र कितीही दाब दिला तरी द्रवाचा वेगळा थर दिसलाच नाही.

नळीत अर्धा द्रव, अर्धा वायू ठेवून हळूहळू तापवलं, की ३१ अंशांजवळ दोघांमधली रेषा फिकट व्हायची, तिचा बाक जायचा आणि ती चक्क पुसली जायची. मागे उरायचा एकजीव पदार्थ. ना पुरता द्रव, ना पुरता वायू!

या तापमानाला त्यांनी ‘क्रांतिक बिंदू’ या अर्थाचं नाव दिलं. त्यांनी मोजलेलं तापमान होतं ३०.९२ अंश. आजचं मान आहे सुमारे ३१ अंश आणि दाब सुमारे ७३ वातावरण. दीडशे वर्षांपूर्वीचं मोजमाप किती अचूक होतं बघा! १८६९ मध्ये रॉयल सोसायटीच्या मानाच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी हे सारं मांडलं.

आणखी एक प्रयोग तर फारच सुंदर. ५० अंशांच्या वायूवर १५० वातावरण दाब द्यायचा आणि मग तो थंड करायचा. सुरुवातीला होता वायू, शेवटी झाला द्रव. पण मधे बदल नेमका कधी झाला हे कुणालाच दाखवता येत नाही. म्हणजेच वायू आणि द्रव ही एकाच वाटेवरची दोन टोकं आहेत.

कोडे सुटले

आता ‘कायम वायूं’चं रहस्य उघड झालं. ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान शून्याखाली सुमारे ११८ अंश आहे. नुसता दाब देऊन काय होणार? आधी थंड करायला हवं. १८७७ मध्ये कायेते आणि पिक्ते यांनी ऑक्सिजनचा द्रव मिळवला. १८९८ मध्ये हायड्रोजन आणि १९०८ मध्ये हेलियमही द्रवरूप झाला. अँड्र्यूज यांच्या आकड्यांचा आधार घेत व्हान डर वाल्स यांनी १८७३ मध्ये आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं ना? एलपीजीतल्या प्रोपेन आणि ब्युटेनचे क्रांतिक तापमान आपल्या हवामानापेक्षा बरंच जास्त आहे, म्हणून दाबाने द्रव होतो. सीएनजीतल्या मिथेनचे मात्र शून्याखाली सुमारे ८२ अंश!

आज याचा उपयोग काय?

रेषा पुसल्यानंतर उरतो तो ‘सुपरक्रिटिकल द्रायू’. तो द्रवासारखा दाट असल्याने पदार्थ विरघळवतो आणि वायूसारखा बारीकसारीक फटींत शिरतो. १८७९ मध्ये हॅने आणि होगार्थ यांनी अशा द्रायूत घन पदार्थ विरघळतात हे दाखवलं. दाब कमी केला की विरघळलेला पदार्थ पुन्हा बाहेर!

१९६० नंतर जर्मनीत कुर्ट झोझेल यांनी याच गुणाचा उपयोग करून कॉफीच्या ओलसर बियांतलं कॅफीन काढण्याची रीत शोधली. त्याआधी या कामाला डायक्लोरोमिथेनसारखे घातक द्रावक वापरत. कार्बन डायऑक्साइड जळत नाही, स्वस्त आहे आणि दाब सोडला की मालात मागे राहत नाही. म्हणूनच त्याची गणना हरित द्रावकांत होते. आज मसाल्यांचे अर्क, सुगंधी तेलं, बिअरसाठी लागणारा हॉप्सचा अर्क अशा कामांत तो वापरतात. मात्र यंत्रं जाड पोलादाची आणि महाग लागतात, दाब देण्यासाठी वीजही खर्च होते. तोच वायू पुन्हा पुन्हा फिरवून वापरला तरच हिशेब जुळतो. हरित म्हणजे फुकट नव्हे, हे ध्यानात असू द्या.

अखेरचा काळ

१८७६ मध्ये अँड्र्यूज ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १८८० मध्ये देऊ केलेला ‘सर’ हा किताब त्यांनी नाकारला. २६ नोव्हेंबर १८८५ रोजी बेलफास्टमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, त्यांच्याकडून काय घ्यायचं? इतरांनी दाब वाढवत नेला. यांनी तापमान एकेका पायरीने बदलून धीराने पाहिलं. जोर वाढवण्याआधी प्रश्न नीट समजून घ्यावा, एवढं घेतलं तरी पुष्कळ.

विचार करा आणि वहीत लिहा

१. सीएनजी टाकीत द्रव का नसतो?
२. आग विझवण्याच्या भरलेल्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये थंडीत द्रव असतो. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की आत काय होत असेल?
३. कॉफीतलं कॅफीन काढायला कार्बन डायऑक्साइड वापरण्याचे दोन फायदे आणि एक अडचण लिहा.